‘मोझ्ना?’ म्हणजे ‘चालेल का?’ : रशियन बोलू लागणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात रशियन भाषा नव्याने शिकणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच होती. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांतील रशियन शब्द देवनागरीत दिले असून त्यांबाबत आधी एवढे लक्षात घ्यावे : नुक्ता दिलेला ‘ज़’ हा ‘जमीन’ या शब्दातील ‘ज’च्या जवळचा आहे, मात्र तो जीभ न टेकवता, केवळ हवा घासून काढायचा असतो, ‘झ’ हा त्याहून जाड, जिभेचे टोक किंचित वर उचलून केलेला घासता उच्चार आहे, आणि ‘ख’ घशाच्या तोंडाशी खरवडत येतो.

प्रश्न : मी एका इंग्रजी पुस्तकावरून रशियन शिकते आहे. पहिल्या धड्यात नाव सांगण्याचे वाक्य आले, तेच मला उलटसुलट वाटले. दुसऱ्या धड्यात कळले की वर्तमानकाळात ‘आहे’ हा शब्दच वापरत नाहीत. तिसऱ्या धड्यात सहा विभक्त्यांचा तक्ता आला आणि मी पुस्तक मिटले. मला केवळ बोलण्यापुरती भाषा हवी आहे. व्याकरण बाजूला ठेवून नुसती वाक्ये पाठ केली तर जमेल का?

उत्तर : चार दिवस जमेल, पाचव्या दिवशी अडेल, कारण पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्द बदलण्याची वेळ आली की सगळे वाक्यच हातातून निसटते. परंतु तुमची खरी अडचण रशियनची नसून त्या पुस्तकाची आहे, असे मला वाटते. ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले असल्यामुळे जे जे इंग्रजीत नाही ते ते त्याला विचित्र वाटते, आणि ते विचित्रपण तुम्ही विनाकारण उसने घेतले आहे. तीच वाक्ये मराठीतून पाहा.

नाव सांगताना रशियन माणूस ‘मिन्या ज़वूत’ असे म्हणून पुढे आपले नाव जोडतो. यातील ‘मिन्या’ म्हणजे ‘मला’ आणि ‘ज़वूत’ म्हणजे ‘हाक मारतात’. ‘मला अमुक म्हणतात’ या वाक्यात मराठी माणसाला उलटसुलट वाटण्यासारखे काय आहे? थंडी वाजत असेल तर ‘म्न्ये खोलद्ना’, एखादी गोष्ट आवडत असेल तर ‘म्न्ये न्रावित्सा’, काही करायला हवे असेल तर ‘म्न्ये नूझ्ना’. या तिन्ही ठिकाणी आपणही ‘मला’च म्हणतो : मला थंडी वाजते, मला आवडते, मला हवे. इंग्रजी पुस्तकाला प्रत्येक वेळी ‘मी’ने सुरुवात करायची सवय असल्यामुळे या एका ‘म्न्ये’साठी त्याला अर्धा धडा खर्च करावा लागतो. तुम्हाला एक ओळ पुरेल.

आता तुम्ही विचाराल की ‘मला’साठी एकदा ‘मिन्या’ आणि एकदा ‘म्न्ये’ का. शाळेत विभक्ती पाठ करताना द्वितीयेचे प्रत्ययही ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीचेही ‘स, ला, ते’ असे आपण घोकले होते आणि प्रत्यय एकच असताना नावे दोन कशाला, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. रशियनमध्ये त्या दोन विभक्त्या रूपानेच वेगळ्या आहेत : ‘मला बोलावतात’मधली द्वितीया म्हणजे ‘मिन्या’ आणि ‘मला आवडते’मधली चतुर्थी म्हणजे ‘म्न्ये’. त्या वयात निरर्थक वाटलेली घोकंपट्टी इथे अशी कामाला येते.

‘आहे’विषयी म्हणायचे तर, आपणही कुटुंबीयांची ओळख करून देताना ‘हा माझा भाऊ, ही बहीण’ असे बोलतोच. रशियनमध्ये तोच नियम आहे. ‘एता चाय’ म्हणजे ‘हा चहा’. ‘या स्तुद्येन्त’ म्हणजे ‘मी विद्यार्थी’. जवळ काही असल्याचे सांगताना मात्र ‘आहे’ हा शब्द येतो आणि तो ओळखीचा निघतो : ‘ऊ मिन्या येस्त्य ब्रात’ म्हणजे ‘मला भाऊ आहे’, शब्दशः ‘माझ्यापाशी आहे भाऊ’. ‘येस्त्य’ हा संस्कृत ‘अस्ति’चा आणि ‘ब्रात’ हा ‘भ्राता’चा सख्खा चुलत भाऊ होय.

लिंगांच्या बाबतीत तर मराठी भाषकाने आनंदच मानावा. हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिले, मराठीने राखले, आणि रशियननेही राखले आहे : तो, ती, ते म्हणजे ओन, अना, अनो. शिवाय ‘झाड’ नपुंसकलिंगी का आणि ‘वेल’ स्त्रीलिंगी का, याला मराठीत पाठांतरावाचून उत्तर नाही, तर रशियनमध्ये बहुतेक वेळा शब्दाचा शेवटच ते सांगून टाकतो. शेवटी व्यंजन असेल तर पुल्लिंग, ‘आ’ किंवा ‘या’ असेल तर स्त्रीलिंग, ‘ओ’ किंवा ‘ये’ असेल तर नपुंसकलिंग. अपवाद आहेत (‘पापा’ म्हणजे बाबा, हा शब्द ‘आ’कारान्त असूनही अर्थातच पुल्लिंगी आहे), पण ते थोडे आहेत.

भूतकाळातील क्रियापदही बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुरुष ‘या ज़बील’ म्हणतो आणि स्त्री ‘या ज़बीला’ म्हणते. अर्थ अनुक्रमे ‘मी विसरलो’ आणि ‘मी विसरले’. येथे सावध राहावे लागते ते वेगळ्याच कारणाने. मला शिकवणाऱ्या बाई होत्या आणि त्यांचे ऐकून ऐकून मी पहिले दोन महिने खुशाल ‘या ज़बीला’ म्हणत राहिलो. ध्वनिफितीवरून शिकणाऱ्यांनी आवाज पुरुषाचा आहे की स्त्रीचा, याकडे लक्ष ठेवावे.

आणखी एक साम्य सांगतो, कारण ते कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. ‘मी झाड पाहिले’ असे आपण म्हणतो, पण ‘मी भाऊ पाहिला’ असे म्हणत नाही. तेथे ‘भावाला’ म्हणावे लागते. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. रशियनमध्ये पुल्लिंगी नामांच्या बाबतीत हेच घडते : ‘या वीझू स्तोल’ म्हणजे ‘मी टेबल पाहतो’, येथे ‘स्तोल’ जसाच्या तसा राहतो, पण ‘या वीझू ब्राता’ म्हणजे ‘मी भावाला पाहतो’, येथे ‘ब्रात’चे ‘ब्राता’ होते.

मराठी दगा देते अशाही जागा आहेत. ‘जाणे’ हे आपले क्रियापद पायी जायलाही चालते आणि वाहनाने जायलाही. रशियनमध्ये पायी जाण्यासाठी ‘इत्ती’ आणि वाहनाने जाण्यासाठी ‘येखत्य’ अशी वेगळी क्रियापदे आहेत, आणि एकदा जाणे व नेहमी ये-जा करणे यांतही फरक केला जातो. सर्वनामे तर कानाला सरळसरळ फसवतात. ‘मी’सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘आम्ही’, ‘ती’सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘तू’, आणि ‘या’ म्हणजे ‘मी’. यावर सरावाखेरीज उपाय नाही.

तेव्हा तो सहा विभक्त्यांचा तक्ता सध्या झाकून ठेवा. ‘मला’ने सुरू होणारी पाच-सहा मराठी वाक्ये घ्या, ती रशियनमध्ये म्हणा आणि त्यांतला एकेक शब्द बदलत जा. विभक्त्या अशाच, वाक्यासोबत येऊ द्याव्यात.

प्रश्न : लिपी नंतर शिकू, आधी शब्द देवनागरीत लिहून पाठ करू, असे ठरवले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : पहिल्या आठवड्यापुरते बरोबर, त्यानंतर नुकसानीचे. देवनागरीचा आधार रोमनपेक्षा पुष्कळ चांगला आहे, हे मान्य करायला हवे. रशियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखेच. ‘स्तान्त्सिया’ म्हणजे स्थानक, यातील ‘त्स’ हा रशियनमध्ये एका अक्षराचा उच्चार आहे, आणि तो म्हणजे ‘चमचा’मधला आपला ‘च’; ‘चाय’मधला रशियन ‘च’ मात्र ‘चहा’मधल्या ‘च’सारखा आहे. मराठीत दोन्ही उच्चार एकाच अक्षरात दडलेले आहेत, रशियनने त्यांना दोन अक्षरे दिली आहेत, एवढेच.

पण दोन ठिकाणी देवनागरी हात टेकते. पहिले म्हणजे मृदू व्यंजने. ‘उगल’ म्हणजे कोपरा आणि तोच शब्द शेवटचा ‘ल’ मृदू करून उच्चारला की कोळसा. हा मृदू ‘ल’ मी ‘ल्य’ असा लिहीन, पण तो ‘ल’ अधिक ‘य’ नव्हे. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून काढलेला तो एकच ध्वनी आहे. दुसरे म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘तू’ यांसाठीच्या शब्दांत येणारा तो स्वर, ज्याला वर मी नाइलाजाने ‘ई’ म्हटले. जीभ ‘ऊ’ म्हणताना असते तशी मागे ठेवायची आणि ओठ मात्र ‘ई’ म्हणताना फाकतात तसे फाकवायचे. जो काहीसा अवघडलेला आवाज निघेल, तोच हवा आहे.

रशियन वर्णमालेत 33 अक्षरे आहेत : 10 स्वरांची, 21 व्यंजनांची आणि 2 नुसती खुणेची, ज्यांना स्वतःचा उच्चार नाही. आपल्या बाराखडीच्या मानाने हे ओझे काहीच नाही. अनोळखी अक्षरे लवकर लक्षात राहतात, कारण ती अनोळखी असतात. घोटाळा करतात ती रोमनसारखी दिसणारी. रोमन ‘बी’सारखे दिसते ते ‘व’, ‘एच’सारखे ते ‘न’, ‘पी’सारखे ते ‘र’, ‘सी’सारखे ते ‘स’. म्हणूनच ‘रेस्तरान’ ही उपाहारगृहाची पाटी इंग्रजीला सरावलेला डोळा ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो. छापील अक्षरांबरोबर हाताने लिहायची अक्षरेही लगेच शिकावीत, कारण हस्ताक्षरात ‘त’ हा रोमन ‘एम’सारखा आणि ‘द’ हा ‘जी’सारखा दिसू लागतो, आणि तिरप्या छपाईतही ‘त’, ‘प’, ‘इ’ अशी काही अक्षरे याच वेषात येतात.

प्रश्न : ‘ठीक’ या अर्थाच्या शब्दात तीन ‘ओ’ लिहिलेले दिसतात, पण ऐकताना एकच ऐकू येतो. माझे कान चुकत आहेत की पुस्तक?

उत्तर : दोघेही बरोबर आहेत. रशियन शब्दात सहसा एकाच अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर असतो आणि ‘ओ’ पूर्णपणे ‘ओ’ राहतो तो फक्त तेथेच. जोर नसलेला ‘ओ’ पातळ होऊन ‘अ’कडे झुकतो. म्हणून ‘खोरोशो’ असे लिहून ‘खरशो’ असे म्हणतात, आणि दूध या अर्थाचा ‘मोलोको’ हा ‘मलको’ होतो. मराठीत जोर कोठेही दिला तरी अर्थ बिघडत नाही, रशियनमध्ये बिघडतो. पहिल्या अवयवावर जोर दिला तर ‘ज़ामक’ म्हणजे गढी किंवा किल्ला, दुसऱ्यावर दिला तर ‘ज़मोक’ म्हणजे कुलूप. लिहायला दोन्ही सारखेच. शिवाय एकाच शब्दाच्या रूपांत जोर जागा बदलतो : ‘अक्नो’ म्हणजे खिडकी, तर ‘ओक्ना’ म्हणजे खिडक्या. नवशिक्यांच्या पुस्तकांत जोराची खूण छापलेली असते, वर्तमानपत्रांत नसते. त्यामुळे वहीत प्रत्येक नवा शब्द ती खूण करूनच उतरवावा आणि खूण माहीत नसेल तर शब्द शिकला असे समजू नये.

याच ओघात आणखी एक गोष्ट : शब्दाच्या शेवटी आलेले घोष व्यंजन अघोष होते. मित्र या अर्थाचा ‘द्रूग’ हा ‘द्रूक’ असा आणि पाव या अर्थाचा ‘ख्ल्येब’ हा ‘ख्ल्येप’ असा ऐकू येईल.

प्रश्न : माझ्या रशियन शिक्षिका वयाने मोठ्या आहेत. त्यांना नावाने हाक मारणे मला उद्धटपणाचे वाटते. ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ यासाठी शब्द कोणता?

उत्तर : तसा शब्द शोधू नका; रशियनमध्ये आदर नावातच सामावलेला असतो. स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून केलेले नाव, अशी जोडी वापरली की ती आदराची हाक होते, आणि तेथे आडनाव घेत नाहीत. लेखक चेखव यांच्या वडिलांचे नाव पावेल. म्हणून ते अंतोन पावलोविच आणि त्यांची बहीण मारिया पावलोव्ना. मुलाला ‘ओविच’, मुलीला ‘ओव्ना’. आडनावही लिंगाप्रमाणे बदलते : भाऊ चेखव, तर बहीण चेखवा.

मधले नाव वडिलांचे, ही पद्धत आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की रशियन स्त्रीचे हे नाव विवाहानंतरही वडिलांचेच राहते. चेखव यांच्या पत्नी, अभिनेत्री ओल्गा क्निपर, या शेवटपर्यंत ओल्गा लिअनार्दव्नाच होत्या, कारण त्यांचे वडील लिअनार्द. तेव्हा शिक्षिकेला पहिल्याच भेटीत त्यांचे वडिलांवरून आलेले नाव विचारा. ते विचारणे अजिबात गैर नाही. उलट अपेक्षित आहे.

त्यांच्याशी बोलताना अर्थातच ‘व्ही’, म्हणजे ‘तुम्ही’. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आपल्यासारखाच आहे, फक्त वरचा ‘आपण’ तेथे नाही. आईला ‘तू’ म्हणतात, हे आपल्याला सहज पटेल. वडिलांना आणि आजीलाही बहुतेक घरांत ‘तू’च म्हणतात, हे लक्षात ठेवावे लागेल. समवयस्कांशी ओळख वाढली की कोणीतरी ‘दवाय्त्ये ना ती’ म्हणतो, म्हणजे ‘आता तूवर येऊ या’. हा प्रस्ताव सहसा वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो. तोवर थांबावे.

प्रश्न : शंभरेक वाक्ये मला तोंडपाठ आहेत. पण मी प्रश्न विचारला आणि समोरच्याने उत्तर दिले की मला काहीच कळत नाही. मी कुठे चुकतो आहे?

उत्तर : तुम्ही संभाषणाची अर्धी बाजूच पाठ केली आहे. ‘स्कझीत्ये, पझालुस्ता, ग्द्ये मित्रो?’ म्हणजे ‘सांगा ना, मेट्रो कुठे आहे?’ हे वाक्य शिकलात, तर त्याच दिवशी त्याची संभाव्य उत्तरेही शिकायला हवीत : नप्रावा म्हणजे उजवीकडे, नल्येवा म्हणजे डावीकडे, प्र्यामा म्हणजे सरळ, र्यादम म्हणजे जवळच, दलिको म्हणजे लांब. समोरचा माणूस वीस शब्द बोलेल. त्यांतून हे पाच टिपता आले की काम झाले. बाकीचे पंधरा सुटले तर सुटू द्यावेत. प्रत्येक प्रश्नामागे अशी उत्तरांची एक छोटी पुरचुंडी बांधून ठेवावी.

दुसरे असे की, न कळल्याचे सांगणारी वाक्येच सर्वांत आधी तोंडात बसायला हवीत. ‘या नि पनिमायू’ म्हणजे मला समजत नाही. ‘पफ्तरीत्ये, पझालुस्ता’ म्हणजे पुन्हा सांगा ना. ‘काक एता बूदित पा-रूस्की?’ म्हणजे याला रशियनमध्ये काय म्हणतात. हे तिसरे वाक्य तर शिक्षकाची फी वाचवणारे आहे, कारण बोटाने दाखवता येईल त्या प्रत्येक वस्तूचा शब्द ते मिळवून देते.

आणि मग ‘मोझ्ना’. नवशिक्याला एकच शब्द शिकवायचा असे ठरले, तर मी हा निवडेन. ‘मोझ्ना?’ म्हणजे ‘चालेल का?’, ‘येऊ का?’, ‘घेऊ का?’, ‘बसू का?’ दारात उभे राहून म्हटले तर आत यायची परवानगी, रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हटले तर बसायची. उत्तर ‘मोझ्ना’ असे आले तर ‘चालेल’, ‘निल्ज़्या’ असे आले तर ‘चालणार नाही’. इंग्रजीत यासाठी प्रत्येक वेळी कर्ता-क्रियापद जुळवत बसावे लागते. आपला कर्त्याविना उभा राहणारा ‘चालेल का’ मात्र रशियनमध्ये थेट जाऊन बसतो.

प्रश्न विचारताना सूर जपावा लागतो. आपल्या वाक्याच्या शेवटी ‘का’ येतो आणि प्रश्न कळतो. रशियन बोलण्यात असा शब्द बहुधा नसतो. ‘एता चाय’ हे विधान आणि ‘एता चाय?’ हा प्रश्न यांत शब्दांचा काहीच फरक नाही. ज्या शब्दाविषयी विचारायचे त्याच्या जोराच्या अवयवावर आवाज झटकन वर न्यायचा आणि लगेच खाली सोडायचा. वाक्य संपेपर्यंत आवाज हळूहळू चढवत नेला तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

ऐकण्याचा सराव ठरावीक वाक्यांपासून करावा. मॉस्कोच्या मेट्रोत दारे मिटण्यापूर्वी ‘अस्तारोझ्ना, द्व्येरी ज़क्रीवायुत्सा’ अशी सूचना होते, म्हणजे ‘सावधान, दारे बंद होत आहेत’. ‘द्व्येरी’ ही आपली ‘द्वारे’च. अशा सूचनांच्या ध्वनिफिती इंटरनेटवर सहज सापडतात. शब्द आधी वाचून मग ऐकले की कान हळूहळू तुकडे पाडायला शिकतो.

प्रश्न : रशियन मैत्रिणीला मी ‘काक द्येला?’, म्हणजे ‘कसं काय?’ असे विचारले की ती केवळ ‘नर्माल्ना’ म्हणून थांबते. काही मागायचे असले तर थेट ‘दे’ म्हणते. तिला माझ्याशी बोलायचे नाही का?

उत्तर : तसे मुळीच नाही. ‘नर्माल्ना’ म्हणजे ‘बरं चाललंय’. खरोखर उत्तम चालले नसताना ‘उत्तम’ म्हणण्याची रीत त्या भाषेत नाही, आणि ‘काक द्येला?’ हा ओळखीच्या माणसाला विचारायचा खरा प्रश्न आहे. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला तो विचारत नाहीत. अनोळखी व्यक्तीसाठी ‘ज़्द्रास्त्वुय्त्ये’ आहे, ज्याचा मूळ अर्थ ‘निरोगी असा’ असा होतो. उच्चार अवघड वाटतो, पण तो दोन-तीन दिवसांत बसतो.

विनंती आज्ञार्थातच करतात. ‘दाय, पझालुस्ता’ म्हणजे ‘दे ना’, आणि अनोळखी किंवा मोठ्या माणसाला ‘दाय्त्ये, पझालुस्ता’ म्हणजे ‘द्या ना’. मराठीतही आपण ‘पाणी दे गं’ असे म्हणतो, ‘तू मला पाणी देऊ शकशील का’ असे घरात कोणी म्हणत नाही. ‘पझालुस्ता’ हा शब्द विनंतीला जोडला तर ‘कृपया’ होतो आणि कोणी ‘स्पसीबा’, म्हणजे आभार, म्हटल्यावर उलट उच्चारला तर ‘अहो, त्यात काय’ असा होतो. तुम्ही मैत्रिणीला बोलावले आणि ती ‘सिचास’ म्हणाली, तर कोशात त्याचा अर्थ ‘आत्ता’ असा दिलेला सापडेल. पण तो आपल्या ‘आत्ता आले’ मधला ‘आत्ता’ आहे, तेव्हा थोडा वेळ वाट पाहण्याची तयारी ठेवा.